जुन्या गाडीचं हूड वारंवार फाटतंय? नवं कापड आणण्याआधी जुनं हूड उलटं करून बघा

आमच्या मॉरिस एटला सात वर्षांत तीन हूडं झाली. गाडी १९३७ ची, टूरर. म्हणजे दारांना काचा नाहीत, वर घडी होणारं कापडी हूड आणि पाऊस आला तर बाजूला लावायचे पडदे. इंजिन ९१८ सीसीचं, ते बिचारं कधी तक्रार करत नाही. दुखणं सगळं डोक्याचं. पहिलं हूड दुसऱ्या उन्हाळ्यात तडकलं, दुसऱ्यानं सीटवर मेण गाळलं, तिसरं शिवणीत उसवलं. तिन्ही वेळा मी एकच निदान केलं, की कापड भिकार निघालं. आणि तिन्ही वेळा नवं कापड आणायला निघालो.

चौथ्या खेपेला रिक्षांची हूडं शिवणाऱ्या एका चाचांकडे गेलो. त्यांनी माप घेतलं नाही की भाव सांगितला नाही. माझं तिसरं हूड फरशीवर उलटं पसरलं आणि शिवणीच्या दोन्ही बाजूंना अंगठे लावून ताणलं. टर्र करून वीतभर शिवण उघडली. मग दोऱ्याचं एक टोक नखानं ओढलं. दोरा तुटला असता तर मला समजलं असतं, पण त्याचा चक्क भुगा होऊन फरशीवर पडला.

"कापड कुठं फाटालंय साहेब? दोरा मरालाय," चाचा म्हणाले.

कापडाला चार वर्षं काही होणार नव्हतं. मी मात्र ते टाकून देऊन नवं घ्यायला निघालो होतो. जुन्या गाडीच्या हूडाचं कापड कुठलं घ्यावं, असं मला विचारणाऱ्या प्रत्येकाला आता मी आधी जुनं हूड आणायला सांगतो.

फाटलंय कुठं?

दिवसा बाहेरून बघून काही कळत नाही. रात्री हूड लावून आपण आत बसायचं आणि घरातल्या कुणाला तरी बाहेरून टॉर्च फिरवायला सांगायचं. कापडातून पसरट उजेड आला, तर कापड विरलंय. उजेड फक्त टाक्यांच्या रांगेतून येत असेल, तर सुईची भोकं मोठी झालीत किंवा दोरा गेलाय. आडव्या पट्ट्यात, बरोबर हूडाला आतून तोलणाऱ्या कमानीच्या डोक्यावर येत असेल, तर दोष कमानीचा. नवं कापडही तिथंच फाटणार, ते कितीही भारी असो.

हूड उतरवल्यावर हातानं बघा. घडीच्या जागी आडव्या चिरा आणि कापड पापडासारखं कडक, हे पीव्हीसीच्या प्लास्टिक थराचं म्हातारपण. कापड शाबूत पण पुढची क्लिप विंडस्क्रीनच्या चौकटीपर्यंत पोचत नाही, म्हणजे हूड आटलंय. चुका, म्हणजे बारीक खिळे, ठोकलेल्या जागी तपकिरी वर्तुळं आणि त्यांच्या मधोमध भोकं असली, तर लोखंडाच्या गंजानं सूत खाल्लंय. माझ्या दुसऱ्या हूडाला चपलेच्या चुका मारल्या होत्या, त्यामुळे हे वर्तुळ मला झोपेतही ओळखू येतं. चुका तांब्याच्या किंवा पितळी घ्या. चार पैसे जास्त जातील.

खरा वैरी ऊन

हूडाबद्दल जे काही वाचायला मिळतं ते बहुतेक इंग्लंडचं असतं आणि तिथल्या माणसाला एकच काळजी, पाणी आत येईल का. आपल्याकडे सोलापुरात पाऊस असतो किती? जून-जुलैमध्ये ढग नुसतेच तोंड दाखवून जातात, जे काही पडायचं ते बरंचसं सप्टेंबरात. उरलेलं वर्षभर त्या कापडावर ऊन असतं. मे महिन्यात पारा ४२-४४ वर जातो तो सावलीतला. भर दुपारी सात रस्त्यावर सिग्नलला थांबलेल्या गाडीचं काळं हूड ६५-७० अंशांपर्यंत तापतं. हात ठेवून बघा, पाच आकडे मोजता येणार नाहीत.

ऊन दोन वाटांनी मारतं. अतिनील किरणांनी धाग्याच्या आतल्या साखळ्या तुटतात आणि धागा वरून धड दिसत असतानाच आतून मरतो. दुसरी वाट उष्णतेची. तिनं कापडावर चढवलेल्या थराला मऊ ठेवणारं तेलकट द्रव्य उडून जातं. पावसानं हूड गळतं, पण मरतं ते उन्हानं. इथं कापड निवडायचं ते उन्हाच्या हिशोबानं. पाण्याचा बंदोबस्त शिवणीत आणि उतारात करता येतो, उन्हाला मात्र शिवणीत उत्तर नाही.

माझी तीन कापडं

पहिलं काळं रेक्झिन. म्हणजे सुती पाठीवर पीव्हीसीचा थर, रिक्षाला असतं तसं. स्वस्त आणि पाणी अजिबात आत येत नाही. रिक्षावाला ते फाटलं की बदलतो, त्याचं गणित बरोबर आहे. शिवाय रिक्षाचं हूड रोज घडी होत नाही. टूररचं होतं. पीव्हीसीतलं मऊपणाचं द्रव्य उन्हात उडालं की थर कडक होतो, आटतो आणि घडीवर चिरतो. काळ्या रंगाचं एक मात्र सांगायला हवं. त्यातला काजळीसारखा कार्बन अतिनील किरणं स्वतः झेलतो आणि खालच्या थराला वाचवतो, त्यामुळे काळं रेक्झिन रंगीतपेक्षा उशिरा मरतं. पण तापतं इतकं, की आत बसलेला माणूस त्याच्या आधी मरायचा.

दुसरं ताडपत्रीचं कॅनव्हास, मेण दिलेलं. आजोबांच्या वेळी ट्रकवर असायचं तेच, म्हणून मला फार विश्वास. पॅराफिन मेण साधारण ५० ते ६५ अंशांत वितळतं, आणि हूड किती तापतं ते वर सांगितलंच. पहिल्याच एप्रिलमध्ये मागच्या सीटवर तेलकट डाग पडले. मला वाटलं कुणीतरी भजी खाल्ली. मेण गेल्यावर उरलं साधं सुती कापड. सूत भिजलं की फुगतं, धागे एकमेकांना चिकटतात आणि भोकं बुजतात. हा सुताचा मोठा गुण, म्हणून तर तंबू सुताचे असत. पण फुगताना कापड आखडतंही. बाजेची सुती दोरी पावसात कशी ताठ होते, तसं. मी हूड ढोलासारखं ताणून ठोकलं होतं. पहिल्या पावसात पुढच्या दोन चुका लाकडासकट उपटल्या.

तिसरं बॅगेचं पॉलिएस्टर, ६०० डेनियर (हे धाग्याच्या जाडीचं माप), मागून पीयूचा, म्हणजे पॉलियुरेथेनचा थर. हलकं, स्वस्त, घडी झकास. पॉलिएस्टर उन्हाला बऱ्यापैकी टिकतं. पीयूचा थर मात्र ऊन आणि दमटपणा मिळून सोलपटतो, मग आत बसणाऱ्याच्या खांद्यावर कोंडा पडल्यासारखी पांढरी खपली पडते. आणि शिवलं होतं नायलॉनच्या दोऱ्यानं. त्याचं पुढं काय झालं ते चाचांनी दाखवलंच.

आता उरलं ते चौथं, खास गाड्यांच्या हूडासाठी विणलेलं तीन थरांचं कापड. वर अॅक्रिलिक, मध्ये रबराचा पातळ थर, खाली सुती किंवा पॉलिएस्टरचं अस्तर. बाजारात याला सर्रास मोहेर म्हणतात. मोहेर म्हणजे खरं तर अंगोरा शेळीची लोकर, पण आता त्या नावाखाली मिळतं ते बहुतेक अॅक्रिलिकच. कल्पना जुनीच आहे. त्या काळच्या ब्रिटिश टूररना दोन सुती डकांच्या, म्हणजे जाड घट्ट विणीच्या कापडांच्या मध्ये रबर घातलेलं कापड किंवा लेदरक्लॉथ, म्हणजे चामड्यासारखं दिसणारं कापड असायचं. आता फक्त वरचं सूत गेलं आणि अॅक्रिलिक आलं. अॅक्रिलिक उन्हाला सगळ्यात चिवट. त्यातही धागा ओढायच्या आधीच द्रावणात रंग मिसळलेला असेल, तर रंग धाग्याच्या पोटापर्यंत असतो आणि विटता विटत नाही. इंग्रजीत त्याला सोल्यूशन डाइड म्हणतात. दुकानदाराला हाच शब्द विचारा.

नुसतं चांदणीचं एकपदरी अॅक्रिलिकही मिळतं, दर मीटरला बरंच स्वस्त. हॉटेलच्या पुढच्या छपरांना लावतात ते. त्याच्या मोहात पडू नका. मध्ये रबर नसल्यामुळे आतून कमान टेकते तिथं पाणी पाझरतं, आणि ताण दिला की ते सैलावत जातं.

आता गावाबद्दल थोडं. हूडाचं कापड शोधतोय म्हटल्यावर शेजारचे यंत्रमागवाले अण्णा म्हणाले, "कापडाच्या गावात राहता आणि कापड बाहेरून आणता?" मलाही वाईट वाटलं. पण सोलापूरची हयात गेली चादर आणि टॉवेल विणण्यात. टेरी टॉवेलचे फासे असतातच पाणी पिण्यासाठी. मला हवं होतं पाण्याला तोंड न लावणारं. अण्णांच्या मागावर माझं काम होणार नव्हतं. पण धागा ओळखायला त्यांच्यासारखा माणूस गावात दुसरा नाही.

दुकानदार सांगतो ते कापड खरंच तेच आहे का?

अण्णांनी तुकड्याच्या कडेचे चार-पाच धागे उपसले, चिमट्यात धरले आणि काडी लावली. सूत असेल तर कागदासारखं जळतं, वास जळक्या कागदाचा, विझल्यावर लाल ठिणगी रेंगाळते आणि मऊ करडी राख उरते. पॉलिएस्टर ज्योतीपासून आखडतं, वितळून थेंब पडतात, काळा धूर येतो आणि शेवटी कडक गोल मणी राहतो. अॅक्रिलिक पटकन पेट घेतं, तडतडतं, वास नाकाला झोंबतो आणि उरतो तो वेडावाकडा काळा गोळा, नखानं दाबला की चुरतो. माझ्या पहिल्या "अॅक्रिलिक" नमुन्याचा स्वच्छ गोल मणी झाला. अण्णा काही बोलले नाहीत, नुसता मणी माझ्या हातावर ठेवला.

थर पीव्हीसीचा आहे का हे बघायला तांब्याची तार ज्योतीत लाल करायची, ती कापडाच्या थराला टेकवायची आणि परत ज्योतीत धरायची. ज्योत हिरवी झाली तर पीव्हीसी. हे सगळं अंगणात करा, गाडीपासून आणि पेट्रोलच्या कॅनपासून लांब. पीव्हीसीचा धूर तर अजिबात नाकात घेऊ नका.

रंगासाठी एक घरगुती परीक्षा. तुकड्यावर कपडे धुण्याच्या ब्लीचचा थेंब टाका. द्रावणातच रंगवलेलं अॅक्रिलिक ढिम्म राहतं. वरून रंगवलेलं सूत अर्ध्या तासात पांढरं पडतं. लेबलावर उजेडातल्या पक्केपणाचा आकडा दिला असेल तर तो ८ पैकी असतो, ब्लू वूल मापानं. ७ च्या खालचं घेऊ नका.

आणि घाई नसेल तर मार्चमध्येच नमुने मागवा. हातभर पट्ट्या गच्चीवर पसरा, निम्म्या भागावर स्टीलचं ताट उपडं ठेवा. मृगापर्यंत राहू द्या. ताट उचलल्यावर झाकलेला आणि उघडा भाग शेजारी ठेवून बघा आणि दोन्ही भाग दहा-दहा वेळा एकाच घडीवर दुमडा. मी पाच नमुने ठेवले होते. त्यातलं एक वरून नव्यासारखं दिसत होतं, पण चौथ्या घडीलाच चिरलं. एक पट्टी वानरं घेऊन गेली.

दोरा, टाका, नवार

एवढं करून कापड चांगलं आणलं आणि कुशनवाल्याला शिवायला दिलं, की तो त्याच्याकडे असेल तो दोरा लावणार. दोरा आपण द्यायचा. नायलॉन नको, पांढरं तर मुळीच नको. बाँडेड, म्हणजे पदर एकमेकांना चिकटवलेलं पॉलिएस्टर घ्या, टेक्स ९० किंवा १३५ (टेक्स हे दोऱ्याच्या जाडीचं माप). पीटीएफईचा, म्हणजे टेफ्लॉनचा दोराही मिळतो, त्याला ऊन काहीच करत नाही. महाग आहे आणि निसरडा असल्यामुळे मशिनवाला वैतागतो, पण वरच्या दोन लांब शिवणींपुरता घेतला तरी पुरे. सुती डकच वापरणार असाल, तर पॉलिएस्टरच्या गाभ्यावर सूत गुंडाळलेला दोरा घ्या. भिजला की फुगतो आणि सुईचं भोक स्वतःच बुजवतो.

टाके जवळजवळ घातले की शिवण मजबूत होते, असं मलाही वाटायचं. होतं उलटं. पोस्टाच्या तिकिटाच्या कडेसारखी भोकांची रांग तयार होते आणि कापड तिथूनच फाटतं. इंचाला सहा टाके, म्हणजे एक टाका साधारण चार मिलिमीटरचा. टेक्स ९० ला सुई १८ नंबरची. शिवण जीन्सच्या बाजूला असते तशी दुमडून दुहेरी घालायची आणि दुमडीचं तोंड उताराकडे ठेवायचं. कौलं कशी वरचं खालच्यावर चढवून घालतात तसं. तोंड चढाकडे गेलं की ती शिवण पन्हळ होते. चुकलेली शिवण उसवून परत त्याच रेषेत घालू नका, जुनी भोकं उघडीच राहतात. कापताना ताणा, म्हणजे कापडाचे उभे धागे, गाडीच्या लांबीत येऊ द्या. पन्हा ६० इंची असला तर माझ्या गाडीला मधला जोड लागला नाही, घडी केलेलं हूड ठेवायच्या पिशवीसकट साडेचार मीटरमध्ये काम झालं. तिरकं कापून कापड वाचवणारा कारागीर भेटला तर हात जोडा. ते हूड सहा महिन्यांत एका अंगाला झुकतं.

आता नवार. यावर कुणीच बोलत नाही आणि माझ्या मते निम्मी हूडं हिच्यामुळे मरतात. कमानी एकमेकींपासून ठरावीक अंतरावर राहाव्यात म्हणून त्यांच्यावरून पुढून मागे नवारीच्या पट्ट्या जातात. हूड लावल्यावर ताण नवारीनं घ्यायचा, कापडानं नुसतं वर पसरायचं. सुती नवार काही वर्षांत लांबते. मग कमान मागे कलते आणि सगळा ताण कापडावर येतो. कापड कमानीवर घासतं आणि टॉर्चच्या उजेडात दिसतो तो आडवा पट्टा तयार होतो. माझ्या गाडीची मधली कमान दोन बोटं मागे गेली होती. तीन हूडं याच कलत्या कमानीवरून मापून शिवली! मापच चुकीचं, तर पुढची क्लिप कशी लागणार?

म्हणून आधी कमानी सरळ करून नवार बदला आणि मगच कापडाचं माप घ्या. सीट बेल्टची पॉलिएस्टर पट्टी उत्तम, लांबत नाही. गाडी रॅलीत उतरवणार असाल आणि परीक्षकांना मूळचं रूप दाखवायचं असेल, तर ती पट्टी सुती खोळीत घाला. कमानीवरचा गंज पॉलिश पेपरनं काढून, रंग देऊन, वर जुन्या चादरीची पट्टी गुंडाळा. सोलापुरी चादर शेवटी हूडाच्या कामी आली ती इथं. अण्णांना सांगितलं तेव्हा त्यांचं समाधान झालं.

ठोकायचं कधी

कापड मे महिन्याच्या दुपारी ताणून ठोकलं, तर डिसेंबरच्या पहाटे ते आखडलेलं असतं आणि क्लिप लागत नाही. थंडीत ताणून ठोकलं, तर उन्हाळ्यात पोट सुटतं. दिवाळीनंतरची कोरडी सकाळ बरी. सुती कापडाला थोडी ढील सोडा, अॅक्रिलिक हातानं ओढून सपाट होईल इतपतच ताणा. घडी करून महिनोन्‌महिने पडलेलं हूड उघडल्यावर पोचत नसेल, तर ओढाओढी करू नका. तासभर उन्हात पसरून गरम होऊ द्या, मग क्लिप लावा.

मागच्या खिडकीचं जुनं सेल्युलॉइड पिवळं पडलेलं असेल तर पारदर्शक पीव्हीसी लावा. घडी करताना मध्ये मऊ पंचा ठेवा आणि तापलेली असताना कधी दुमडू नका, दुमड कायमची उमटते. ओलं हूड घडी करून पिशवीत घातलं की आठवड्यात बुरशी. धुताना बोअरचं जड पाणी वापरलं तर पांढरे ओघळ राहतात, नळाचं घ्या. आपल्याकडे नळ रोज येत नाही हे मला माहीत आहे, एक बादली पुरते. पेट्रोल आणि रॉकेल हूडाच्या आसपासही नको. एका गॅरेजच्या पोरानं ग्रीसचा डाग माझ्या नव्या हूडावरून पेट्रोलच्या बोळ्यानं पुसला. डाग गेला. आतलं रबर फुगून तिथं रुपयाएवढा फोड आला, तो अजून आहे.

हे चौथं हूड फिकट खाकी आहे. दोन उन्हाळे आणि एक बरा सप्टेंबर त्यानं काढला. क्लिप सकाळी आणि दुपारी दोन्ही वेळा लागते. उजवीकडे मागच्या कोपऱ्यात मात्र एक थेंब येतो. तिथं तांब्याच्या चुका कमी पडल्या म्हणून मी घरातली एक लोखंडी मारली होती, चाचा नको म्हणत असताना. परवा बघितलं तर तिच्याभोवती तपकिरी वर्तुळ धरायला लागलंय. ती चूक दिवाळीनंतर काढायची आहे.